पहिलटकरणीला अंगावर पाजायला शिकवावे लागते का? कोल्हापुरात कोणाला गाठावे?

नवी_मावशी:
धाकट्या बहिणीचे चार दिवसांपूर्वी शिझर झाले. बाळ तोंड लावते, दोन घोट घेते आणि सोडून रडते. तिच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत. आई म्हणते, "जनावरालाबी कळतंय, ह्यात शिकवायचं काय असतंय?" ते ऐकून बहीण आपल्यातच उणे आहे असे समजून गप्प बसते. आम्ही राजारामपुरीत राहतो. स्तनपान समुपदेशक शोधावी, की थोडी वाट पाहावी?

गंगावेसकर:
ताई, वाट पाहू नका. आईंचे म्हणणे निम्मे खरे आहे, पण उपजत आहे ते बाळाचे. गालाला स्पर्श झाला की तोंड वळवणे आणि तोंडात वरच्या टाळूला काही लागले की चोखणे हे बाळ जन्मतःच घेऊन येते. आईच्या पोटावर उघडे ठेवलेले बाळ साधारण तासाभरात स्वतःच सरकत स्तनापर्यंत पोचते, हे १९८७ साली स्वीडनमध्ये नोंदले गेले. धरायचे कसे, हे मात्र आईने पाहून शिकायचे असते. पूर्वी सोप्यात बसून वहिनी, आत्या पाजत आणि पोरी ते पाहत, म्हणून शिकल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. जनावराचे म्हणाल, तर आमच्या गोठ्यातली पहिलारू म्हैस रेडकाला लाथ मारायची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या प्रयोगांत आईविना वाढलेल्या कित्येक माकडिणींनी स्वतःची पिले जवळसुद्धा घेतली नाहीत.

चिरा बहुधा उथळ पकडीमुळे पडतात. बाळाने सोडल्यावर स्तनाग्र चेपलेले दिसते का, ते पाहा. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर ठेवून, जांभईएवढे तोंड उघडेपर्यंत थांबावे आणि मग बाळाला स्तनाकडे आणावे, म्हणजे खालचा काळसर भागही तोंडात जातो. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाचे अंग काखेखाली घ्यावे. अळिवाची खीर खुशाल द्या, तिने पकड सुधारत नाही एवढेच.

प्रसूती झाली तिथल्याच अनुभवी परिचारिकेला आधी विचारा. समुपदेशक निवडताना "एक पाजणे पूर्ण बसून पाहाल का?" एवढाच प्रश्न करा, नाही म्हणणारी नको. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, किंवा बाळ पिवळे वा सुस्त वाटत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

नवी_मावशी:
आज परिचारिका अर्धा तास बसल्या. काखेखाली धरल्यावर बाळ सलग प्याले. उशी कुठे लावायची, ते आता आईच बहिणीला सांगते आहे.