मदत हवी आहे: मिझुरी विद्यापीठ, २०१५ आणि त्यानंतर

नमस्कार मंडळी. एमए समाजशास्त्राच्या सेमिनारसाठी मी अमेरिकेतल्या बहुसंख्य गोऱ्या विद्यापीठांमधल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे अनुभव हा विषय घेतलाय. उदाहरण मिझुरी विद्यापीठाचं, कोलंबिया शहरातलं (न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ नव्हे, सगळे तिथेच पोचतात!).

२०१५ चा घटनाक्रम जमलाय. विद्यार्थी संघटनेच्या कृष्णवर्णीय अध्यक्षाला रस्त्यात वांशिक शिव्या दिल्या गेल्या. ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांनी मिरवणुकीत विद्यापीठ-प्रणालीचे अध्यक्ष टिम वुल्फ यांची गाडी अडवली. या विद्यार्थ्यांच्या गटाचं नाव 'कन्सर्न्ड स्टुडंट १९५०', कारण कृष्णवर्णीयांना तिथे प्रवेशच १९५० साली मिळाला. वुल्फ यांनी पद सोडावं म्हणून जोनाथन बटलर हा विद्यार्थी उपोषणाला बसला. मग फुटबॉल संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी खेळायला नकार दिला आणि दोनच दिवसांत, ९ नोव्हेंबरला, वुल्फ यांनी राजीनामा दिला. माझ्या मते उपोषणापेक्षा या नकाराचीच धास्ती जास्त होती, एक सामना रद्द म्हणजे दहा लाख डॉलरचा फटका!

पण बातम्या राजीनाम्यापाशी थांबतात. मला हवंय ते रोजचं: वर्गात एकटंच कृष्णवर्णीय असणं, गटकामात कुणी सोबत न घेणं, 'तू खेळाडू कोट्यातून आलास का?' असले प्रश्न. मुलाखती किंवा कॅम्पसवरच्या वातावरणाची सर्वेक्षणं मोफत कुठे वाचता येतील? आणि तिकडे शिकलेलं किंवा शिकवत असलेलं कुणी तासभर बोलेल का? नाव कुठेही देणार नाही. सेमिनार पुढच्या महिन्यात आहे, इथेच उत्तर दिलंत तरी चालेल.