त्याला सगळे ‘बहादूर’च म्हणतात

कातळावरचा
रत्नागिरीजवळ आमची साडेतीनशे कलमांची बाग आहे. हंगामात चौदा-पंधरा माणसं असतात. गावातल्या पाच बायका प्रतवारी नि भरणीला, दोघे पेट्या ठोकायला, बाकी राखणीला आणि उतरवणीला, त्यांत तिघे नेपाळी.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. भर दुपारी उतरवलेला माल क्रेटमध्ये कातळावरच ठेवला होता. नेपाळ्यांतला वयाने मोठा आहे तो म्हणाला, “सेठ, छाँव में रखो, अंदर सफेद होगा.” मी “हो हो” म्हटलं आणि पेट्यांचा हिशेब करत राहिलो. दोन दिवसांनी चुलतभावाचा मुलगा आला, दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला. तो म्हणाला, “काका, फळ तापलं की साका वाढतो, आतला गर पांढरट होतो. फळ चौदा आणे तयार झालं की उतरवा आणि लगेच सावलीत न्या.” अर्ध्या तासात मी ताडपत्री बांधून घेतली.

म्हणजे दोघांनी तेच सांगितलं! पहिला तर बारा वर्षं माझ्या बागेत आहे.

संध्याकाळी हजेरीची वही उघडली. बहादूर १, बहादूर २, बहादूर ३. अक्षर माझंच.

मी जातपात मानत नाही, निदान स्वतःला तसं समजत आलो. पण सोबत काम करणाऱ्यांपैकी कोणाचं बोलणं कानात शिरू द्यायचं, हे आपण आधीच ठरवून बसलेलो असतो का?

बंदरवाला
उगाच मनाला लावून घेताय भाऊ. शिकलेल्याचं ऐकलं, यात पूर्वग्रह कसला? डॉक्टर आणि कंपाउंडर एकच गोळी सांगतात, आपण ऐकतो डॉक्टरचंच.

माझी बोट आहे. खलाशांत गावातले आहेत, नेपाळी आहेत. जाळं ओढताना कोण कुठला ते बघायला सवड कोणाला? तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणेल ते.

हे ‘नकळत पूर्वग्रहा’चं खूळ मला माहीत आहे. माझी मुलगी पुण्याला कंपनीत आहे, तिला दिवसभर प्रशिक्षणाला बसवलं. पडद्यावर चेहरे आणि शब्द येतात, पटापट बटणं दाबायची. ग्रीनवाल्ड वगैरे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये काढलेली परीक्षा. तिने आठवड्यात दोनदा दिली, निकाल दोन वेगळे! तीच सांगत होती, २०१९ मध्ये जवळपास पाचशे प्रयोग एकत्र तपासले, तर परीक्षेतला आकडा बदलला म्हणून वागणं बदललं असं दिसलं नाही. मग ऐन हंगामात हा मनस्ताप कशाला?

सुरंगी
बंदरवालेदादा, ती परीक्षा ठेवा बाजूला. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आणि मुसलमान नावांना पुढचं बोलावणं कमी आलं. तिथे बटण दाबायचं नव्हतं, फोन करायचा होता.

आपल्याकडे आडनावावरून सगळं कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न असतो. “गाव कुठलं?” सांगितलं. “वाडी कुठली?” झालं!

माझ्याकडे हॉटेल मॅनेजमेंटची पदविका आहे. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकघरासाठी मुलाखतीला गेले. गप्पा छान चालल्या होत्या. मी “बौद्धवाडी” म्हटलं, मालकांनी मान हलवली, चहा मागवला. नोकरी मिळाली ती खोल्या आवरायची. “तिथे सध्या जागा नाही हो.” पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघरात नवीन मुलगी आली. मालक वाईट बोलले नाहीत कधी. आजही शपथेवर सांगतील की मनात तसं काही नव्हतं, आणि कदाचित ते खरंही असेल. मला त्या खरेपणाचा काय उपयोग?

म्हणून ‘नकळत’ हा शब्द मला फार सोयीचा वाटतो. ज्याच्या बाबतीत होतं, त्याला लगेच कळतं.

आणि कातळावरचेदादा, तुमच्या पाच बायकांची मजुरी पेट्या ठोकणाऱ्यांइतकी आहे का?

घाटावरून_खाली
मी मूळचा सांगलीकडचा, चिपळुणात नोकरीला. अजून ‘घाटी’च आहे. थट्टेत म्हणतात, मीही हसतो.

पण माझंही ऐका. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने गणपतीची रजा मागितली की मनात येतं, या कोकण्यांना कामापेक्षा सण मोठे. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा याच माणसाने मला दोन रात्री त्याच्या माळ्यावर ठेवलं. स्टोव्हवर पेज करून घातली. आणि दीड महिन्यात गणपती आले तर डोक्यात परत तेच! स्वतःचीच लाज वाटली, पण आलं ते आलं.

बंदरवाला
बरं, खरं सांगतो. खलाशी कोणीही चालतो, पण तांडेल नेमताना मी आमच्यातलाच बघतो. याला पूर्वग्रह म्हणू नका, विश्वास म्हणा. वारा फिरला तर ज्याच्या बापाला ओळखतो त्याच्या हातात सुकाणू हवं.

सुरंगी
आणि ज्याच्या बापाला तुम्ही ओळखत नाही, त्याने ओळख करून द्यायची कुठे? तुम्ही सुकाणू देत नाही तोवर?

बंदरवाला
ताई, बोट बुडाली तर कर्ज माझ्या नावावर आहे. तरी तुमचं म्हणणं डोक्यात राहील. कातळावरचे, सावलीत ठेवून साका कमी झाला का, ते सांगा आधी.

कातळावरचा
यंदा पहिल्या काढणीत कमी वाटला. पण हवामानही वेगळं होतं, नुसत्या ताडपत्रीला श्रेय देता येत नाही.

वहीत नावं लिहिली. तिघांपैकी एकाच्या नावात ‘बहादूर’ खरंच निघालं, बाकी दोघे माझ्याकडे बघून हसत होते. नावं इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. आता सकाळी कुठली कलमं काढायची ते आधी उतरवणारे सांगतात, मग मी. त्यात पंधरा मिनिटं जातात आणि पेट्या ठोकणारे कुरकुरतात.

त्या मोठ्याला विचारलं, तेव्हा जरा जोर लावून का नाही सांगितलंस? म्हणाला, “उससे पिछले साल भी बोला था.” मला आठवतसुद्धा नाही.

सुरंगीताई, तुमचा प्रश्न टाळत होतो. बायकांना रोज दीडशे रुपये कमी मिळतात. वडिलांच्या वेळेपासून फरक आहे तसाच चालू आहे. पाच जणींचा हंगामाचा हिशेब मांडून बघितला. अजून वाढवलेले नाहीत.