कॅन्सर संशोधन, पीएचडीचं तिसरं वर्ष : कुठल्या सोसायटीचा सभासद होऊ?

पेट्रीडिश:
नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करतोय. विषय तोंडाचा कॅन्सर, म्हणजे आमच्या फ्रीझरमध्ये गुटखा-मिश्रीवाल्यांच्या गालाचे तुकडे. गाईड म्हणतात, कॅन्सर संशोधकांच्या कुठल्यातरी सोसायटीचा (संघटनेचा) सभासद हो. अमेरिकेतल्या एएसीआर आणि एएससीओ, युरोपातली ईएसीआर, आपली भारतातली आयएसीआर... वाचून डोकं गरगरतंय. एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिपचे) महिना ४२ हजार, त्यात घरभाडं. कुणाला खरंच फायदा झालाय, की सीव्हीत नुसती एक ओळ वाढते?

ह्यूस्टनकर:
पेशंट न बघणारा लॅबवाला असशील तर डोळे मिटून एएसीआर. १९०७ साली ११ जणांनी वॉशिंग्टनमध्ये सुरू केलेली संस्था, 'कॅन्सर रिसर्च' हे जर्नल त्यांचंच. विद्यार्थ्यांना असोसिएट सभासद होता येतं. वार्षिक अधिवेशनासाठी 'स्कॉलर-इन-ट्रेनिंग' पुरस्कार असतात, आपल्यासारख्या देशांतल्यांसाठी ग्लोबल वेगळे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट (संशोधनाचा सारांश) चांगलं असेल तर प्रवासाला हातभार लागतो.

पण एक मेख आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्टला पूर्ण सभासदाची स्पॉन्सरशिप लागते, असोसिएटची चालत नाही. मला हे शेवटच्या रात्री साडेअकराला कळलं. गाईडचं सभासदत्व केव्हाच संपलेलं. शेवटी दुसऱ्या विभागातल्या एका सरांना फोन केला, ते लग्नाच्या वऱ्हाडात. बसच्या गोंगाटात ओरडून सभासद क्रमांक सांगितला, मी चार वेळा चुकीचा लिहिला.

आणखी एक. मला एका सोसायटीची मदत मिळाली (कुठली ते सांगत नाही), पण पैसे मिळाले ते मी अधिवेशनाहून परतल्यावर, तेही पाच महिन्यांनी. तिकीट बाबांच्या कार्डावर. तेव्हा पैसे आधी देतात की नंतर, हे अर्ज करतानाच मेल टाकून विचार.

ओपीडीतला_बाळू:
डॉक्टर मंडळींसाठी लिहितो. एएससीओ आमची, १९६४ची. त्यांचं 'आयडिया' नावाचं अवॉर्ड आपल्यासारख्या देशांतल्या तरुण कॅन्सरतज्ज्ञांसाठीच आहे: अधिवेशनाला नेतात, तिकडचा एक गुरू जोडून देतात आणि त्याच्या रुग्णालयात काही दिवस ठेवतात. पेट्रीडिश, तुला उपयोग नाही.

पण प्रशिक्षणाचं खरं काम मला कार्यशाळांत दिसलं. एएससीओ आणि एएसीआरनं मिळून क्लिनिकल ट्रायल (रुग्णांवरच्या उपचार-चाचण्या) शिकवणारी निवासी कार्यशाळा चालवली, अनेक वर्षं कोलोरॅडोत व्हेलला भरायची. त्याच धर्तीवर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं) यांची 'क्रेडो' ही कार्यशाळा आहे. ही सोसायटी नव्हे, पण मी तिथे गेलोय. दोन पानी कल्पना घेऊन जायचं, आठवडाभरात पूर्ण प्रोटोकॉल (चाचणीचा आराखडा) घेऊन निघायचं. मी सॅम्पल साइज, म्हणजे चाचणीत घ्यायचे पेशंट, ६० लिहिला होता. संख्याशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "हा आकडा आला कुठून?" मी म्हटलं, वर्षभरात एवढेच पेशंट मिळतात. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या रात्री दोनपर्यंत जागलो.

जुनं_खोड:
परदेशाचं नंतर बघा हो. आयएसीआरच्या वार्षिक अधिवेशनाला जा, रेल्वेनं जाता येतं, आणि तुमच्या पोस्टरसमोर थांबणारी माणसं उद्या थिसिसचे परीक्षक असू शकतात. एखादं तंत्र शिकायला दुसऱ्या लॅबमध्ये जायचं असेल तर जिनिव्हाच्या यूआयसीसी या जागतिक कॅन्सर संघटनेची टेक्निकल फेलोशिप बघा, महिनाभराची असते. ही संघटना संस्थांची आहे, पण फेलोशिप व्यक्तीला मिळते. आपले डॉ. वसंत रामजी खानोलकर एकेकाळी तिचे अध्यक्ष होते. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या संशोधन संस्थेचं, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकचं मूळ असलेलं संशोधन केंद्र उभं करणारे तेच. हे आमच्या पिढीला पाठ होतं, आता कुणी विचारत नाही.

ह्यूस्टनकर:
खोडकाकांना +१. आणि पोस्टर कापडावर छापून घे, विमानात घडी करून नेता येतं.

पेट्रीडिश:
सगळ्यांचे आभार. यंदा आयएसीआर, शिवाय एएसीआरचं असोसिएट. दुपारी गाईडना सहज विचारलं, सर तुम्ही सभासद आहात ना? त्यांनी ड्रॉवर उघडून कार्ड दाखवलं. २०१४चं.