प्रति: दोन एकरात काय होणार?

"जमीन वाढल्याशिवाय उत्पन्न वाढणार नाही" हे या चर्चेतलं मत मला अर्धंच पटतं. पुरंदरला आमच्या मामांची दोन एकर आहे, ठिबकवर अंजीर आणि रब्बीला वाटाणा. शेजाऱ्यांची आठ एकर, पण सगळी पावसावर. बाजरी आली तर आली. पैसा मामांच्याच हातात जास्त खेळतो. मात्र मार्चमध्ये, ऐन मीठा बहारात (अंजिराच्या उन्हाळी हंगामात) विहीर तळाला गेली की टँकरने बाग जगवावी लागते, आणि बहाराची निम्मी कमाई त्यातच जाते.

पाणीपंचायतीचा, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या पद्धतीचा विषय इथे अजून कुणी काढला नाही, तो काढायलाच हवा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी याच तालुक्यात, नायगावला ती उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही वाटा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. कालव्याखाली आज नेमकं उलट चाललंय. ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी, आणि टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) दोन एकरवाल्यापर्यंत आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी पोचेतो पीक करपलेलं असतं.