चार आण्याचा केग, बारा आण्याचा मसाला

एडिसनकर:
परवाच्या घरगुती बिअरच्या धाग्यात कुणीतरी केग घेणाऱ्या नव्या मंडळींना सल्ला दिलाय: "डोळे झाकून जुना पिन लॉक घ्या, चाळीस डॉलरला पडतो, शेवटी स्टीलचा डबाच तो." त्यावर एकानेही हरकत घेतली नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. नव्यांसाठी: केग म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली बिअर ठेवायचं पिंप; पिन लॉक आणि बॉल लॉक हे सोड्यासाठी निघालेल्या पाच गॅलनच्या स्टील केगचे दोन प्रकार, नळी अडकवायच्या जोडावरून नाव पडलेले.

तो डबा नाही. त्यात पाच रबरी ओ-रिंगा असतात: झाकणाची एक मोठी, दोन पोस्टच्या (गॅस आत आणि बिअर बाहेर जायची तोंडं) बाहेरून दोन, दोन डिप ट्यूबच्या (पोस्टखालून आत उतरणाऱ्या नळ्या) गळ्याशी दोन. जुन्या केगातलं रबर वर्षानुवर्षं सोड्याच्या सिरपमध्ये मुरलेलं असतं. रूट बिअर नावाच्या सोड्याचा तो वास धुऊन जात नाही आणि पिल्सनरसारख्या हलक्या बिअरला हमखास लागतो. म्हणजे पाचही बदलायच्या, ५ डॉलर. दोन पॉपेट (पोस्टच्या आतले स्प्रिंगचे व्हॉल्व्ह) ८. जुन्या पिन लॉकच्या झाकणाला बहुधा दाब सोडायला हाताने ओढायची रिंग नसते, त्यामुळे रिलीफ व्हॉल्व्हवालं झाकण १८. पिन लॉकचे दोन डिस्कनेक्ट (पोस्टवर बसणारे नळीचे जोड) १६. चाळीसचे ८७ झाले, आणि धुण्यात गेलेला रविवार मी धरलेलाच नाही. नवा बॉल लॉक सध्या शंभरच्या आसपास मिळतो.

शिवाय कोकाकोलाने पिन लॉक वापरले, पेप्सीने बॉल लॉक, आणि नंतर दोघेही खोक्यातल्या पिशवीच्या सिरपवर गेले. तेव्हा मोडीत निघालेला साठा आपण आजवर पुरवून खातोय. आज येणारा नवा माल जवळजवळ सगळा बॉल लॉक आहे. नवशिक्याला आटत्या विहिरीवर कशाला पाठवता?

कोरडा_हॉप:
तो सल्ला माझाच होता, त्यामुळे उत्तरही मीच देतो. "डोळे झाकून" हे शब्द मागे घेतो. बाकी एकही नाही.

तुमच्या हिशेबात गोम आहे. डिस्कनेक्ट बॉल लॉकलाही लागतातच, ते १६ फक्त माझ्याच खात्यावर का? पॉपेट सरसकट बदलायचे नसतात. काढा, गरम पीबीडब्ल्यूमध्ये (केग धुण्याची पावडर) अर्धा तास भिजवा, स्प्रिंग वाकलेली किंवा रबर चिरलेलं असेल तरच बदला. झाकणाचंही तेच. दाब सोडायचा तर गॅसच्या पोस्टचा पॉपेट स्क्रू-ड्रायव्हरने दाबा, झालं. म्हणजे ४० अधिक ५, एकूण ४५.

आता तुम्ही न सांगितलेलं. पिन लॉकच्या गॅस पोस्टला दोन पिना, बिअरच्या पोस्टला तीन, त्यामुळे चुकीचा डिस्कनेक्ट बसतच नाही. बॉल लॉकमध्ये गॅसचा डिस्कनेक्ट बिअरच्या पोस्टवर जोर लावून बसवता येतो आणि मग तो निघता निघत नाही. नवशिके नेमके तिथेच अडकतात. दुसरं म्हणजे उंची. पिन लॉक साधारण साडेबावीस इंच, बॉल लॉक पंचवीस. छोट्या फ्रिजमध्ये डिस्कनेक्ट आणि नळीचं वळण धरलं की त्या अडीच इंचांवरच सगळं ठरतं.

एडिसनकर:
उंची मान्य. पण पिन लॉक नऊ इंच रुंद आहे, बॉल लॉक साडेआठ. फ्रीझरच्या पेटीत चार केग शेजारी ठेवायचे तर तोच अर्धा इंच नडतो. पुठ्ठ्याच्या चकत्या कापून आत मांडून बघा आणि मगच खरेदीला जा.

आणि पोस्ट उघडायला लागणारा पाना? पिन लॉकला १३/१६ चा, तोही पिनांसाठी खाचा पाडलेला सॉकेट लागतो. तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात लटकलेला नसतो.

हडसनपार:
दोघेही पाच गॅलनच्या खेळण्यावरून भांडताय. दारूच्या दुकानातून साडेपंधरा गॅलनचा सँके (ब्रुअऱ्या वापरतात तो) केग आणा, बिअर संपवा, केग ठेवून घ्या. डिपॉझिट तीस डॉलर. यापेक्षा स्वस्त स्टील अमेरिकेत कुठेही मिळणार नाही.

मेलबर्नची_मावशी:
हडसनपार, डिपॉझिट म्हणजे किंमत नव्हे. केग ब्रुअरीच्या मालकीचा असतो, कडेला तिचं नाव ठोकलेलं असतं, आणि नवा घडवायला तिला त्या तिसाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. ठेवून घेतलात तर ती चोरी आहे, आणि फटका छोट्या ब्रुअऱ्यांना बसतो. हे इथे सल्ला म्हणून लिहू नका.

हडसनपार:
चोर म्हणण्याआधी विचार करा. अर्धा देश तसले केग कापून उकळायची भांडी करतो.

मेलबर्नची_मावशी:
अर्ध्या देशाने केलं म्हणून ते तुमचं होत नाही. आणि कापण्याचा विषय काढलाच आहात तर पुढचंही लिहा. मधला भाला (बिअर वर आणणारी नळी) एका वळ्याच्या रिंगने धरलेला असतो. आतला दाब पूर्ण न सोडता ती रिंग काढली तर भाला सरळ तोंडावर येतो. आधी कप्लर (सँकेला नळ्या जोडायचा जोड) किंवा स्क्रू-ड्रायव्हरने मधला बॉल दाबून फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, डोकं बाजूला ठेवायचं, मग रिंग. सँकेच हवा असेल तर केग बनवणाऱ्याकडून नवा ५.१६ गॅलनचा छोटा सँके, म्हणजे सिक्स्टल, घ्या, सोबत डी टाइप कप्लर. स्वस्त नाही, पण तुमचा असेल.

हडसनपार:
ठीक. दुकानातला केग परत करा, नवा घ्या. भाल्याचं मी लिहायला हवं होतं.

यीस्टेश्वर:
मध्येच विचारतो, कारण माझा निर्णय अडलाय. जुने दोन बॉल लॉक विकत घेतले. रिकामेच गॅसने ३० पीएसआय दाबाला भरले, गॅसची नळी काढली आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी एक २७ वर, दुसरा १९ वर. दोन्ही परत करू का?

कोरडा_हॉप:
पहिला ठेवा, तो गळत नाहीये. खोलीत २५ अंश आणि फ्रिजमध्ये ३ अंश धरले तर गॅस थंड होऊनच दाब उतरतो. गेजच्या ३० मध्ये हवेचे १४.७ मिळवा, ४४.७. त्याला २७६ भागिले २९८ ने (हीच तापमानं केल्विनमध्ये) गुणा, ४१.४. पुन्हा १४.७ वजा करा, २६.७. तुमचा २७ तोच आहे.

दुसरा नक्की गळतोय. पण "गळतोय" एवढंच कळून उपयोग नाही, कुठून ते बघा. पुन्हा ३० ला भरून साबणाचं पाणी फवारा. झाकणाच्या कडेला बुडबुडे आले तर मोठी ओ-रिंग. पोस्ट जिथे केगला टेकते त्या बुडाशी आले तर डिप ट्यूबची. पोस्टच्या तोंडातून आले तर पॉपेट. झाकणाच्या मधून आले तर रिलीफ व्हॉल्व्ह. पोस्टच्या बाहेरची ओ-रिंग मात्र डिस्कनेक्ट लावल्यावरच काम करते, म्हणून ती डिस्कनेक्ट लावूनच तपासायची. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग "टेस्टला पास, तरी सिलिंडर रिकामा" म्हणत फिरतात.

एडिसनकर:
तुमच्या ३० पीएसआयच्या टेस्टवरच माझा आक्षेप आहे. बिअर आपण १० ते १२ वर ठेवतो. हे झाकण आतून वर दाबलं जाऊन बसतं, दाब जास्त तर पकड घट्ट. त्यामुळे ३० ला चिडीचूप असणारा जुना केग ८ ला फुसफुस करू शकतो. तुमची टेस्ट केगला सगळ्यात सोपा पेपर देते!

कोरडा_हॉप:
३० चा झटका झाकण बसवायला असतो, हे गेली वीस वर्षं प्रत्येक जण सांगतोय.

एडिसनकर:
बसवायला असतो, तपासायला नाही. दोन्हींत फरक आहे आणि तुम्ही तो करत नाही. तुमच्या भरवशावर यीस्टेश्वर उद्या २७ वाल्या केगमध्ये बिअर भरतील, आणि केगमध्ये साखर घालून नैसर्गिक कार्बोनेशन करणार असतील तर सुरुवातीचे दिवस दाबच नसतो, सगळा गॅस झाकणातून निघून जातो.

कोरडा_हॉप:
बरं. आधी ३० ला बसवा, मग १० वर आणून पुन्हा चोवीस तास, तापमान न बदलता. आता समाधान? आणि १० ला झाकण सुटत असेल तर लगेच केग फेकू नका. झाकणाच्या दांड्याचे पाय झिजलेले असतात, त्यांच्याखाली रबराचा तुकडा सरकवला की पकड वाढते. मऊ सिलिकॉनची ओ-रिंग आणि खाण्याला चालणारं ग्रीस लावलं तर वाकडं झाकणही बसतं.

यीस्टेश्वर:
भरलेल्या केगवरच ही टेस्ट केली तर?

मेलबर्नची_मावशी:
नको. बिअर गॅस पिते, दाब उतरतो आणि माणूस चांगला केग परत करून येतो. फर्मेंटेशननंतर वीस अंशाला बिअरमध्ये साधारण ०.८५ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या ०.८५ पट) गॅस असतो, आपल्याला हवा अडीच. १९ लिटरला म्हणजे ३१ लिटर गॅस, ६० ग्रॅमच्या आसपास. १२ पीएसआयवर पूर्ण केग ओतायला आणखी ७० ग्रॅम. सॅनिटायझर भरून गॅसने बाहेर ढकलत असाल तर आणखी पन्नासेक. एकूण १८०. पाच पौंडाच्या सिलिंडरमध्ये २,२७० ग्रॅम, म्हणजे बारा केग निघायला हवेत. पाच-सहावरच संपत असेल तर "गॅस महाग झाला" म्हणू नका, गळती शोधा. पाच पौंड गॅस एका रात्रीत घालवणारी ओ-रिंग पन्नास सेंटला मिळते, आणि लोक मात्र वीस डॉलरवरून केगचा ब्रँड निवडत बसतात याची मला खरंच चीड येते.

आणि पीईटी प्लास्टिकच्या केगचं कुणी नाव काढलं नाही. इथे ते सर्रास वापरतात. हलके, पारदर्शक, बॉल लॉकची टोपी, तरंगती डिप ट्यूब, आणि स्टीलपेक्षा खूप स्वस्त.

एडिसनकर:
प्लास्टिक मी कुणाला सुचवणार नाही. २०१२ साली न्यू हॅम्पशरमध्ये पोर्ट्समथमधल्या एका ब्रुअरीत प्लास्टिकचा केग धुताना फुटून कामगाराचा जीव गेला.

मेलबर्नची_मावशी:
गेला, आणि तो केग मर्यादेपलीकडे दाबाखाली आला होता. म्हणून रेग्युलेटरशिवाय गॅस जोडायचा नाही, लेबलवरचा कमाल दाब आणि मुदत वाचायची, आत उकळतं पाणी ओतायचं नाही. मुदत संपली की केग बाद, तिथे भावना नको. दोन महिन्यांत संपणाऱ्या बिअरला तो पुरेसा आहे. वर्षभर मुरवायच्या स्टाउटला नाही, प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतो.

कर्वेनगर_परत:
पुढच्या वर्षी पुण्याला कायमचा परत जातोय. दोन केग कंटेनरमध्ये टाकू का?

कोरडा_हॉप:
केग न्या, बिअरचा बेत नेऊ नका. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी गाळणं-आंबवणं गुन्हा आहे. कोकमाच्या किंवा आल्याच्या सोड्याला मात्र तोच केग छान चालतो, फक्त ओ-रिंगांचे चार संच जास्त न्या.

यीस्टेश्वर:
दुसऱ्या केगचे बुडबुडे गॅस पोस्टच्या बुडाशी आहेत. पोस्टचे आटे मात्र नव्या पोस्टशी जुळत नाहीत.

एडिसनकर:
मग पोस्ट बदलू नका, आतली डिप ट्यूबची ओ-रिंगच बदला. केगवर कंपनीचं नाव ठोकलेलं असेल ते वाचा. कॉर्नेलियसचे आटे बहुधा १९/३२-१८, फायरस्टोनचे बऱ्याचदा ९/१६-१८. एकाची पोस्ट दुसऱ्यावर जोर लावून फिरवली तर स्टीलचे आटे कायमचे जातात. पॉपेटही कंपनीप्रमाणे लांबीचे असतात. लांबी चुकली तर एकतर उघडत नाही किंवा बंद होत नाही. आणि धुताना ब्लीच अजिबात नको, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

धाग्याच्या सुरुवातीच्या माझ्या मजकुरात दुरुस्ती करतोय: हिशेबातून डिस्कनेक्टचे १६ काढले, पॉपेट "तपासून बदला" केले. झाकणाचे १८ राहतील.

कोरडा_हॉप:
झाकणाचे १८ चुकीचे आहेत. बाकी हिशेब आता बरोबर.