मतं फुटली म्हणून धरणग्रस्तांनी कोर्टात जायचंच नाही?

कृष्णाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, ‘खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींचंच एकमत होत नाही, तर धरणग्रस्तांनी सरकारविरुद्ध कोर्टात जाऊ नये.’ वाचून डोकं फिरलं. मतं फुटली म्हणजे दावा बुडत नाही. जिथं मतभेद, तेवढा मुद्दा तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जातो आणि बहुमताचा निकाल लागतो. मुंबई उच्च न्यायालयात आयटी नियमांच्या खटल्यात ३१ जानेवारी २०२४ ला न्या. पटेल आणि न्या. गोखले यांची मतं फुटली. न्या. चांदूरकरांनी २० सप्टेंबरला मत दिलं आणि केंद्र सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या फॅक्ट चेक युनिटचा नियम रद्द झाला. सरकार हरलं ना?

पाटणखोरे: ते मुंबईतल्या बड्या वकिलांचं. कोयना धरण होऊन साठ वर्षं झाली. आमचे आजोबा पर्यायी जमिनीची वाट बघत गेले, आता वडील हेलपाटे घालतात. त्यात आणखी आठ महिने कुठून आणायचे?

कृष्णाकाठ: म्हणून हक्क सोडून द्यायचा? ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे तिथंच बसणारं खंडपीठ, आहे. सातारा-सांगलीच्या माणसाला मुंबई गाठायची गरज नाही.

वाळव्याचा शेतकरी: धरणग्रस्तांचं सगळे बोलतात, लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या, आमचं कोण बोलणार? स्लॅबमध्ये, म्हणजे जास्त जमीन असणाऱ्यांकडून पुनर्वसनासाठी घ्यायच्या हिश्शात, जमीन बसली. सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘पुनर्वसनासाठी राखीव, हस्तांतरणास बंदी’. जमीन कुणाला दिलीही नाही, शेराही उठेना. बँक पीककर्जाला उभं करत नाही. बहिणीच्या लग्नाला गुंठाभर विकता आला नाही.

पाटणखोरे: पाणी तुमच्या उसाला, आणि गाव कुणाचं बुडालं?

वाळव्याचा शेतकरी: पाणीपट्टी भरतो, फुकट घेत नाही! माझा बांध ओलांडून बघा, मग बोला.

पाटणखोरे: बांध? आमच्या गावाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दिसतं.

कृष्णाकाठ: भांडताय कुणाशी? शेरा मारणारं आणि जमीन न देणारं सरकार एकच. पर्यायी जमिनीसाठी भरपाईतली ६५ टक्के रक्कम भरली नाही म्हणून कितीजणांना नाकारतात. ती भरायची नोटीस हाती पडली होती का, हे कोर्टातच विचारता येतं.

पाटणखोरे: वडिलांना नोटीस मिळालीच नव्हती, हे खरं. एवढ्यापुरतं तुमचं मानतो. पण वकिलाची फी कोण देणार?

वाळव्याचा शेतकरी: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील मिळतो. आणि माझा शेरा उठेपर्यंत मी बोलणारच.