नारायणराव पेशवे: खून, हत्या की वध? लेखात काय लिहू?

वाडेकर_नातू:
मंडळी, शनिवारवाड्यातल्या 30 ऑगस्ट 1773 च्या प्रकरणावर लेख लिहायला घेतलाय. पहिल्याच ओळीत अडकलो. कुठे खून म्हणतात, कुठे हत्या, एका ठिकाणी तर चक्क वध. आणि रघुनाथदादांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' करून 'ध'चा 'मा' केला हे सरळ लिहून टाकू का? सगळ्यांना तेच माहितीये.

मोडीवाला:
वध नको रे बाबा, वध म्हटलं की मारणारा बरोबर होता असा वास येतो, कंसवध वगैरे. अठरा वर्षांच्या पोराला गारद्यांनी, म्हणजे पगारी शिपायांनी, वाड्यात कापलं, त्याला वध कसला. हत्या लिही, खून पण चालेल. फक्त खून कोणाच्या हुकमाने हे त्याच वाक्यात कोंबू नकोस, कारण खरी भांडणं तिथेच आहेत. सुमेरसिंग गारदी आणि त्याचे लोक आत घुसले इथवर कोणी वाद घालत नाही. नारायणरावांचे काका रघुनाथदादा तेव्हा वाड्यातच नजरकैदेत होते, त्यांनी धरायला सांगितलं की मारायला, हा प्रश्न वेगळा ठेव.

सोमवारपेठी:
'ध'चा 'मा' वाली गोष्ट ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासात आहे, म्हणजे घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी. आणि गंमत बघ, कागदात शब्द बदललेला सापडला हे तो ठामपणे लिहितो, पण तो बदल आनंदीबाईंनी केला हे मात्र सगळे असं मानतात म्हणून सांगतो. आपण पुढे ते 'मानतात' गाळून टाकलं आणि बाईंवर शिक्का मारून मोकळे झालो. तू लिही 'असा आरोप आहे' आणि कोणी कधी केला तेही लिही.

बखरबहाद्दर:
एवढं काटेकोर लिहिलं तर वाचणार कोण? 'काका, मला वाचवा' काढलंत तर उरलं काय लेखात?

सोमवारपेठी:
काढू नको ना, ठेव, फक्त 'आख्यायिका' म्हण. ते वाक्य ऐकून लिहून घ्यायला तिथे कारकून बसला नव्हता.

मोडीवाला:
+1. बखरी नंतर लिहिलेल्या, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या बाजूने. त्याच काळातली पत्रं छापलेली मिळतात, लायब्ररीत पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचे, खंड चाळ आधी. आणि न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दादांना दोषी धरलं ते लिहिताना आनंदीबाईंचं नाव त्याला आपोआप जोडू नकोस.

वाडेकर_नातू:
ओके, पहिली ओळ बदलली: 'गारद्यांनी नारायणरावांची हत्या केली.' दादांचा आणि बाईंचा भाग खाली, वेगवेगळ्या परिच्छेदांत. शीर्षकात 'ध चा मा' ठेवला तर चालेल का?

बखरबहाद्दर:
ठेव की! पुढे प्रश्नचिन्ह टाक म्हणजे हे दोघं गप्प बसतील.